चार सामने मागे, वीस बाकी: सप्टेंबरमध्ये आशा कशावर ठेवायची?

मिशिगनमधल्या नोव्हायला राहणाऱ्या एका तरुण मित्राचा प्रश्न आहे. तो पुण्याचा, इथे येऊन डेट्रॉईट टायगर्स या बेसबॉल संघाचा चाहता झालेला. 2024 मध्ये त्याचा संघ ऑगस्टमध्ये संपल्यात जमा होता आणि तरी प्लेऑफला, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीला, गेला. 2025 मध्ये त्याच संघाने पंधरा सामन्यांची आघाडी घालवली. मॅनेजर तोच, एक्का (सर्वांत भरवशाचा) पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, तोच. तो विचारतो की पुढे कधी संघ सप्टेंबरमध्ये चार सामने मागे असेल आणि वीस उरले असतील, तर आशा ठेवायची की नाही हे कशावरून ठरवायचं? त्याच्या कंपूत तीन मतं आहेत. एक जण टक्केवारी दाखवतो, दुसरा म्हणतो त्या एक्क्याला, टॅरिक स्क्यूबलला, दर चौथ्या दिवशी उतरवा, तिसरा सगळं खापर बुलपेनवर, म्हणजे सामन्यात नंतर उतरणाऱ्या राखीव पिचरांवर, फोडतो.

मी मिशिगनमध्ये शाळा-कॉलेजातल्या पिचरना शिकवतो, त्यामुळे माझं लक्ष आधी हातांकडे जातं. माझं उत्तर असं की तक्त्यातलं अंतर बघा, पण त्यावर पाच मिनिटांहून जास्त घालवू नका. पुढच्या वीस दिवसांत रोज कोण पिचिंग करणार आणि त्या दिवशी त्याचा खांदा किती ताजा असणार, हे कागदावर मांडा. सप्टेंबर या दुसऱ्या कागदावर ठरतो, आणि त्यातला बराचसा भाग ऑगस्टमध्येच लिहून झालेला असतो.

आधी टक्केवारीवाल्या मित्राचं बघू, कारण त्याचं म्हणणं चुकीचं नाही. दोन संघ अगदी सारख्या ताकदीचे धरा. दोघांचे वीस-वीस सामने बाकी आहेत, आपण चार मागे आहोत, म्हणजे आपले विजय चारने कमी आहेत, आणि प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक. वीस सामन्यांत एका संघाचे विजय सरासरीपासून सव्वादोनच्या आसपास इकडेतिकडे होतात. दोन संघांमधला फरक तीनाच्या थोडा वर हलतो. हिशेब केला तर निखळ पुढे जाण्याची शक्यता आठ टक्क्यांच्या आसपास येते, आणि बरोबरी गाठण्याची त्यावर आणखी पाच-सहा. 2022 पासून बरोबरी सुटण्यासाठी जादा सामना होत नाही. दोघांमधल्या मोसमभराच्या लढतींत जो पुढे असेल तो आत जातो. म्हणजे मे महिन्यात कुठल्याशा थंड मंगळवारी हरलेला सामना सप्टेंबरअखेर पाच-सहा टक्क्यांचा असतो. टायब्रेकर आपल्याकडे असेल तर तेरा, नसेल तर आठ. चाहते हे क्वचितच विचारात घेतात.

उरलेल्या वीसपैकी सहा सामने त्याच प्रतिस्पर्ध्याशी असतील तर चित्र आणखी बदलतं. अशा सामन्यात एकाच दिवशी आपण जिंकतो आणि तो हरतो, म्हणून हेलकावा मोठा होतो. टायब्रेकर धरून तेराचे सोळा-सतरा टक्के होतात. उलट, मधे आणखी दोन संघ उभे असतील तर शक्यता पटकन घसरते, कारण तिघांनीही एकाच वेळी घसरावं लागतं. म्हणून ‘चार सामने मागे’ एवढंच सांगणाऱ्याला मी विचारतो: कोणाच्या मागे, मधे कितीजण, आणि त्यांच्याशी गाठ किती वेळा?

फॅनग्राफ्ससारख्या आकडेवारीच्या संकेतस्थळावर जी टक्केवारी दिसते, ती उरलेला मोसम संगणकावर हजारो वेळा खेळवून काढलेली असते. 10 ऑगस्ट 2024 च्या सुमारास टायगर्स 55 विजय, 63 पराभवांवर होते आणि त्यांची शक्यता तिथे 0.2 टक्के दाखवत होते. म्हणजे असे पाचशे मोसम खेळवले तर एकदा. त्यानंतर त्यांनी 44 पैकी 31 जिंकले आणि 86-76 वर थांबले. 27 सप्टेंबरला शिकागो व्हाइट सॉक्सला 4-1 ने हरवून जागा पक्की केली. त्याच रात्री व्हाइट सॉक्सचा 121 वा पराभव झाला, आधुनिक काळातला विक्रम. डेट्रॉईटमध्ये 2014 नंतर पहिल्यांदा ऑक्टोबरचं बेसबॉल आलं. आकडा खोटा होता असं कोणी म्हणू नये. पाचशेत एकदा घडणारी गोष्टही घडतेच. पण त्या आकड्याला एक गोष्ट नीट दिसत नव्हती, आणि ती होती पिचिंगची मांडणी.

क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला इथे थोडी सवय मोडावी लागते. तिथे उत्तम गोलंदाज जवळपास प्रत्येक सामन्यात असतो. इथे उत्तम स्टार्टर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा पिचर, पाच-सहा सामन्यांतून एकदा दिसतो. मोसम 162 सामन्यांचा, सहा महिने जवळपास रोज खेळ. सप्टेंबरमध्ये संघ 26 चा 28 होतो, पण पिचर चौदापेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. 2020 च्या आधी हीच यादी चाळीसपर्यंत फुगवता यायची. तेव्हा मॅनेजर ताजे हात मुबलक आणायचा. आता ते दिवस गेले. चौदा हातांत महिना काढायचा आहे.

2024 च्या ऑगस्टमध्ये टायगर्सकडे खऱ्या अर्थाने दोनच स्टार्टर उरले होते: स्क्यूबल आणि नवखा कायडर मॉन्टेरो. जॅक फ्लॅहर्टीला जुलैअखेर लॉस अँजेलिस डॉजर्सकडे पाठवलं होतं. केसी माइझ आणि रीस ओल्सन दुखापतीत. मॅनेजर ए. जे. हिंच यांनी मग उरलेल्या दिवसांसाठी स्टार्टर शोधणंच सोडलं. पहिल्या एक-दोन इनिंगला (सामन्यात अशा नऊ) टायलर होल्टन किंवा बो ब्रिस्कीसारखा रिलीव्हर, म्हणजे बुलपेनमधला पिचर, नंतर ब्रँट हर्टरसारखा कोणी तीन-चार इनिंग खेचणारा, मग विल व्हेस्ट, जेसन फोली. या प्रकाराला त्यांनीच ‘पिचिंग केऑस’ म्हटलं आणि ते नाव डेट्रॉईटभर झालं.

बाहेरून गोंधळ वाटला तरी आतून ती शिस्त होती. तीन कारणांनी ती चालली. फलंदाज एखाद्या पिचरला तिसऱ्यांदा सामोरा जातो तेव्हा तो जास्त चांगलं मारतो. हे वर्षानुवर्षांच्या आकड्यांत दिसतं आणि डगआउटमध्ये बसणाऱ्याला आकड्यांशिवायही दिसतं. हिंच यांनी ती तिसरी भेटच होऊ दिली नाही. दुसरं, डावखुरा-उजवा असा बदल करत राहिल्याने समोरच्याला फलंदाजीचा क्रम लावणं जड गेलं. आणि तिसरं, ज्याकडे मी सर्वांत जास्त बघत होतो: कोणालाही एका दिवशी फार फेकावं लागलं नाही. आज वीस चेंडू टाकलेला माणूस परवा पुन्हा उपलब्ध. स्क्यूबलच्या दिवशी तो सहा-सात इनिंग खायचा, बुलपेन आडवं व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे हात तयार. त्या वर्षी स्क्यूबलने 18 विजय, 2.39 ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी) आणि 228 स्ट्राइकआउट अशी अमेरिकन लीगमधली तिन्ही पहिली स्थानं घेतली आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने मिळवला. पण त्याचं मोठं योगदान मला त्या दुसऱ्या दिवसात दिसतं, जेव्हा तो मैदानावर नसायचा.

आता 2025. 8 जुलैला टायगर्स 59-34 होते, साऱ्या मेजर लीगमध्ये पुढे. त्यांच्याच डिव्हिजनमधले (गटातले) क्लीव्हलँड गार्डियन्स साडेपंधरा सामने मागे. सप्टेंबर उजाडला तेव्हाही अंतर दहाच्या आसपास होतं. मोसम संपला तेव्हा क्लीव्हलँड 88-74, डेट्रॉईट 87-75. एवढी पिछाडी भरून काढून डिव्हिजन जिंकण्याची ही इतिहासातली पहिलीच वेळ. शेवटच्या दोन आठवड्यांत दोघे सहा वेळा भिडले आणि त्यातले पाच सामने क्लीव्हलँडने घेतले. टायब्रेकरही त्यांच्याकडेच गेला.

‘टायगर्सनी हाय खाल्ली’ असं मी पानापानावर वाचलं. धीर सुटला असेलही, पण धीर मोजता येत नाही आणि हात मोजता येतात. स्टार्टर जॅक्सन जोबचं जूनमध्ये टॉमी जॉन ऑपरेशन (कोपराच्या अस्थिबंधाचं) झालं. रीस ओल्सनचा मोसम जुलैअखेर खांद्याने संपवला. त्या दोन जागा भरायला चार्ली मॉर्टनसारखा 41 वर्षांचा अनुभवी पिचर आणला, आणि मोसम संपण्याआधी त्याला सोडावं लागलं. परत आलेल्या फ्लॅहर्टीचा ईआरए साडेचारच्या वर राहिला. म्हणजे स्क्यूबल आणि काही अंशी माइझ सोडले तर पाचव्या इनिंगनंतर रोज बुलपेनला हाक. 2024 मध्ये हीच माणसं दीड महिना असं पळाली. 2025 मध्ये त्यांना एप्रिलपासून पळून झाल्यावर पुन्हा तेच करायचं होतं.

पलीकडे क्लीव्हलँडने काय केलं ते बघा, कारण या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. त्यांचा क्लोजर (शेवटची इनिंग टाकणारा) इमॅन्युएल क्लासे आणि स्टार्टर लुईस ऑर्टिझ सट्टेबाजीच्या चौकशीमुळे जुलैपासून बाहेर. शेन बीबरला त्यांनी टोरोंटोकडे पाठवलं. एवढं झाल्यावर कोणीही चार चांगल्या माणसांवर भार टाकला असता. त्यांचे मॅनेजर स्टीफन व्होट यांनी सप्टेंबरमध्ये सहा स्टार्टर लावले: गॅव्हिन विल्यम्स, टॅनर बायबी, स्लेड सेकोनी, लोगन ॲलन, जोई कँटिलो आणि ऑगस्टमध्येच पदार्पण केलेला पार्कर मेसिक. पाठलाग करणारा संघ सहाव्या माणसाला चेंडू देतो, हे ऐकायला उलटं वाटतं. पण त्यामुळे प्रत्येकाला एक दिवस जास्त मिळाला. स्टार्टर सहाव्या इनिंगपर्यंत जायला लागले, रिलीव्हरना रोज उठावं लागेना, आणि केड स्मिथ शेवटच्या इनिंगला ताज्या हाताने यायला लागला. सप्टेंबरमध्ये त्यांनी 27 पैकी 20 जिंकले.

म्हणून पुढच्या वेळी वीस सामने उरले की मागे असलेल्या संघाकडे सहावा विश्वासाचा हात आहे का, हे मी आधी बघेन. आहे, तर चार सामन्यांची पिछाडी मला फार वाटत नाही. नाही, तर चार सामन्यांची आघाडीसुद्धा सुखाची नाही.

दुसऱ्या मित्राचा मुद्दा: एक्क्याला दर चौथ्या दिवशी. हा विचार सगळ्यांना सुचतो, मॅनेजरनाही. आधी त्यात फायदा किती ते मोजू. वीस सामन्यांत नेहमीच्या पद्धतीने एक्का चार वेळा येतो. सुट्टीचे दिवस वापरून पाचव्या स्टार्टरला वगळलं तर पाच वेळा. म्हणजे मिळकत एक जादा सामना. एक्का आणि पाचवा स्टार्टर यांत नऊ इनिंगमागे दीड-दोन धावांचा फरक धरा. सहा इनिंगांत तो एक-सव्वा धावेचा होतो. आकडेवारीवाल्यांचा जुना ठोकताळा आहे की दहा धावा म्हणजे साधारण एक विजय. त्या हिशेबाने जादा सामन्याने मिळतो एका विजयाचा आठवा-दहावा हिस्सा. आणि हेही एक्का कमी विश्रांतीवर तितकाच चांगला राहील असं धरून. तो तसा राहत नाही.

1964 ची फिलाडेल्फिया फिलीज हे याचं सर्वांत कडू उदाहरण. बारा सामने बाकी, साडेसहाची आघाडी, वर्ल्ड सिरीजची तिकिटं छापायची तयारी. 21 सप्टेंबरला सिनसिनाटीच्या चिको रुईझने होम प्लेट चोरली (पिचर चेंडू टाकत असतानाच धावून धाव काढली) आणि फिलीज 1-0 ने हरले. मग सलग दहा पराभव. मॅनेजर जीन मॉच यांनी जिम बनिंग आणि ख्रिस शॉर्ट या आपल्या दोन उत्तम पिचरना दोन-दोन दिवसांच्या विश्रांतीवर पुन्हा पुन्हा उतरवलं. मला त्या पंधरवड्यातला सर्वांत बोलका सामना शेवटचा वाटतो. बनिंगला त्या वेळी तीन दिवस मिळाले आणि त्याने सिनसिनाटीला 10-0 ने धुतलं. एका जादा दिवसाने तोच माणूस परत आला. तोवर सेंट लुईस कार्डिनल्स 93 विजयांवर पोचले होते आणि फिलीज 92 वर राहिले.

याच्या उलट 2008 चा सी. सी. सबाथिया. जुलैत क्लीव्हलँडहून मिलवॉकी ब्रुअर्सकडे आला, 11-2 आणि 1.65 ईआरए. शेवटचे तीन सामने तीन-तीन दिवसांच्या विश्रांतीवर खेळला. 28 सप्टेंबरला शिकागो कब्जविरुद्ध पूर्ण नऊ इनिंग टाकून 3-1 ने जिंकला, आणि मिलवॉकी 1982 नंतर पहिल्यांदा प्लेऑफला गेली. त्या दिवशी मला कोणी विचारलं असतं तर मीही हो म्हटलं असतं. शेवटचा दिवस, बरोबरीची स्थिती, अशा सामन्याचं वजन साध्या सामन्यापेक्षा कितीतरी जास्त असतं, तिथे आठव्या हिश्श्याचा हिशेब लागू होत नाही. पण पुढे काय झालं तेही सांगावं लागतं. चार दिवसांनी पुन्हा त्याच विश्रांतीवर फिलाडेल्फियाविरुद्ध तो चौथ्या इनिंगच्या पुढे गेला नाही. शेन व्हिक्टोरिनोने दुसऱ्याच इनिंगमध्ये भरलेल्या बेसवर होमरन मारला. सबाथिया त्या हिवाळ्यात करारमुक्त होणार होता. तो स्वतः धोका पत्करायला तयार होता आणि त्याने तो खुशीने पत्करला, याबद्दल मला त्याच्याविषयी मोठा आदर आहे. पण प्रत्येक पिचरची कहाणी वेगळी. स्क्यूबलच्या कोपराचं टॉमी जॉन ऑपरेशन कॉलेजात असताना 2016 मध्ये झालं आहे, 2022 मध्ये त्याच हाताच्या स्नायूबंधाचं आणखी एक. अशा हाताला दर चौथ्या दिवशी उतरवण्याची मागणी करणाऱ्याने हे आधी आठवावं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मोसमाच्या शेवटच्या सामन्यात, हरलो तर घरी अशा वेळी, तीन दिवसांच्या विश्रांतीवर एक्का उतरवा, तो स्वतः हो म्हणत असेल तर. वीस सामने बाकी असताना कधीही नाही.

आता बुलपेन. हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत निर्णायक भाग, म्हणून इथे थोडा जास्त थांबतो.

2011 च्या सप्टेंबरमध्ये एकाच महिन्यात दोन संघ कोसळले. बोस्टन रेड सॉक्स वाइल्ड कार्डच्या (डिव्हिजन न जिंकलेल्यांसाठीच्या प्लेऑफ जागेच्या) शर्यतीत टँपा बे रेजच्या नऊ सामने पुढे होते. सप्टेंबरमध्ये ते 7-20 खेळले. तिथे आग स्टार्टरपासून लागली. क्ले बकहोल्झ जूनपासून पाठीच्या दुखण्याने बाहेर, आणि त्या महिन्यात उरलेल्या स्टार्टरांचा ईआरए सातच्या वर. स्टार्टर चौथ्या-पाचव्या इनिंगला बाहेर पडले की रोज रात्री बुलपेनला पाच इनिंग शोधाव्या लागतात. 28 तारखेला बॉल्टिमोरमध्ये नवव्या इनिंगला आघाडी होती, जोनाथन पॅपलबॉन होता, दोन आउट झाले होते, आणि तरी 4-3 ने हरले. काही मिनिटांत टँपाने न्यूयॉर्क यँकीजविरुद्ध सात धावांची पिछाडी भरून काढत बाराव्या इनिंगला 8-7 ने बाजी मारली.

अटलांटा ब्रेव्ह्जची कथा त्याच रात्रीची, पण कारण वेगळं. त्यांचं बुलपेन उत्कृष्ट होतं, आणि तोच घात ठरला. जॉनी व्हेंटर्स 85 सामन्यांत आला, क्रेग किंब्रेल 79, एरिक ओ’फ्लॅहर्टी 78. जेअर जर्जेन्स आणि टॉमी हॅन्सन जायबंदी झाल्यावर एका धावेची आघाडी असली की हे तिघे, असा शिरस्ता पडला. किंब्रेलने जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत एकही धाव दिली नव्हती. शेवटच्या रात्री फिलाडेल्फियाविरुद्ध नवव्या इनिंगला 3-2 ची आघाडी त्याच्याच हातून गेली, तेराव्या इनिंगला सामना गेला, आणि साडेआठ सामन्यांची आघाडी संपली. मागून आलेल्या सेंट लुईसने तर पुढे वर्ल्ड सिरीज जिंकली. तिसऱ्या मित्राला मी एवढंच सांगेन की बुलपेन ढासळलं म्हणणं सोपं आहे, पण त्याला मे-जूनमध्ये कोणी आणि किती वेळा उठवलं ते आधी बघा.

हे चाहत्याला घरबसल्या बघता येतं. एक वहीचं पान घ्या. उभ्या रकान्यात सात-आठ रिलीव्हर, आडव्या ओळीत गेले पाच दिवस. प्रत्येक चौकटीत त्याने टाकलेले चेंडू. समजा एकाच्या ओळीत असं दिसलं: रविवार काही नाही, सोमवार 22, मंगळवार 17, बुधवार काही नाही, गुरुवार 24. शुक्रवारी हा माणूस गणवेश घालून बसलेला दिसेल, पण तो नाही असंच धरा. आलाच, तर त्याचा स्लायडर वळायच्या आधीच प्लेटवर पोचेल. दुसऱ्याची ओळ 0, 14, 0, 0, 11 अशी असेल, तर सातव्या इनिंगला तो कमी नावाजलेला असला तरी मला तोच हवा. हे पान भरायला सकाळी दहा मिनिटं लागतात आणि संध्याकाळच्या सामन्याबद्दल ते तक्त्यापेक्षा जास्त सांगतं.

त्या पानावर एक गोष्ट येत नाही, आणि ती टीव्हीवरही क्वचित दिसते. बुलपेनमध्ये उठवून गरम केलेला, पण मैदानात न आणलेला पिचर. तो तिथे वीस-पंचवीस चेंडू जोर लावून टाकतो, मग आपला संघ चार धावा काढतो आणि त्याला खाली बसवतात. अधिकृत नोंदीत त्याने त्या दिवशी विश्रांती घेतली. खांद्याला तसं वाटत नाही. स्टेडियममध्ये जाल तेव्हा बुलपेनकडे नजर ठेवा. एकच माणूस एका रात्रीत दोनदा उठलेला दिसला, तर वहीत त्याच्या चौकटीत खूण करा. मी शिकवतो त्या मुलांच्या बाबतीत मी गरम होतानाचे चेंडूही मोजायला लावतो, आणि त्यावर पालकांशी वाद झाला तरी हटत नाही.

थकलेला स्टार्टर कसा ओळखायचा, हेही त्या मित्राने विचारलं आहे. वेग कमी होणं ही सर्वांना ठाऊक असलेली खूण. पहिल्या इनिंगचा फास्टबॉल 96 मैलांचा आणि पाचव्यात 94 चा, तर इशारा आहे. पण वेग पडण्याआधी चेंडूची जागा बिघडते. उजव्या हाताचा पिचर थकला की त्याचा फास्टबॉल वर आणि त्याच्याच उजव्या बाजूला सुटायला लागतो, कारण पाय रोवला जातो आणि हात मागून उशिरा येतो. कॅचरच्या हातमोज्याकडे बघा. त्याने मोजा खाली बाहेर धरला आहे आणि चेंडू घ्यायला तो छातीपर्यंत वर येतोय, असं एका इनिंगमध्ये तीनदा दिसलं की मी धावफलक बघत नाही. दुसरी खूण पिच क्लॉकची. 2023 पासून बेस रिकामे असताना पिचरला पंधरा सेकंद मिळतात. ताजा पिचर आठ-दहा सेकंदांत तयार असतो. दमलेला घड्याळ शेवटच्या सेकंदापर्यंत नेतो, कॅचरच्या खुणेला दोनदा मान हलवतो, माउंडमागे जाऊन बूट झटकतो. आणि तिसरी, दोन स्ट्राइक झाल्यावर फलंदाज चेंडूमागून चेंडू फाउल करत राहतो. मारता येत नाही पण चुकतही नाही. याचा अर्थ शेवटचा तिखट चेंडू राहिलेला नाही.

इथे एक वाक्य आपल्या लोकांसाठी. ट्रॉय, कँटन, नोव्हाय इथल्या बऱ्याच मराठी घरांतली मुलं आता शाळेच्या आणि ट्रॅव्हल संघांत खेळतात. टीव्हीवरचा सप्टेंबर बघून शनिवार-रविवारच्या स्पर्धेत तेराव्या वर्षीच्या मुलाला दोन्ही दिवस पिचिंग करायला लावू नका. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलने 2014 मध्ये ‘पिच स्मार्ट’ नियमावली काढली आहे. तेरा-चौदा वर्षांसाठी दिवसाला 95 चेंडू ही कमाल मर्यादा, आणि 66 किंवा त्याहून जास्त टाकल्यावर चार दिवस पूर्ण विश्रांती. वेगवेगळ्या दोन संघांतून खेळणाऱ्या मुलाचे चेंडू कोणीच एकत्र मोजत नाही. ते काम आईवडिलांनाच करावं लागतं.

शेवटी त्या मित्राने विचारलं होतं की 2025 मध्ये डिव्हिजन गेलं, मग वाइल्ड कार्ड मिळाल्याचा आनंद मानायचा का. माझ्या मते मानायचा, आणि कारण पुन्हा पिचिंगचंच. स्क्यूबल 23 सप्टेंबरला क्लीव्हलँडमध्ये हरला होता. जागा पक्की नसती तर 28 तारखेच्या रविवारी त्याला बोस्टनमध्ये उतरावं लागलं असतं. शनिवारी टायगर्सनी तिथे 2-1 ने विजय मिळवला आणि रविवारची गरजच संपली. त्यामुळे 30 सप्टेंबरला वाइल्ड कार्डचा पहिला सामना, त्याच क्लीव्हलँडविरुद्ध, त्याच मैदानावर, तो पूर्ण विश्रांतीने खेळला. 14 स्ट्राइकआउट, 2-1 ने विजय. दुसरा सामना गेला, तिसरा जिंकला, आणि डिव्हिजन जिंकणारा संघ घरी बसला. पुढे सिअ‍ॅटल मरिनर्सविरुद्ध पाचव्या सामन्यातही स्क्यूबलने सहा इनिंगांत 13 जणांना बाद केलं आणि 2-1 ची आघाडी बुलपेनच्या हाती दिली. सातव्या इनिंगला बरोबरी झाली, आणि पंधराव्या इनिंगला 3-2 ने सामना गेला. त्या रात्री नंतरच्या नऊ इनिंग टाकायला हिंच यांनी कोणाकोणाला आणलं आणि त्याआधीच्या आठवड्यात त्यांनी किती चेंडू टाकले होते, ती यादी काढून बघा. त्या मित्राने आपल्या कंपूतल्या तिघांना एकत्र बसवून ते पान भरावं.